खुराड्यावर धाड कोणाची? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

परसातल्या कोंबड्यांवर पडणाऱ्या धाडींबद्दल पावसाळ्यापासून बरीच पत्रं आली. ‘अमुक प्राणी येतो, त्याचा बंदोबस्त कसा करू?’ असा बहुतेकांचा सूर आहे. आम्ही उत्तरं दुसऱ्या टोकानं दिली आहेत. आधी तो आत कुठून आणि कधी शिरला ते पाहायचं, नाव नंतर. एका विषयावरची पत्रं एकत्र केली आहेत आणि नावं वगळली आहेत.

प्रश्न : आमच्या १२ गावठी कोंबड्या होत्या. रात्री सगळ्या ठीक होत्या. सकाळी दार उघडलं तर ७ मेलेल्या. चौघींची डोकी नाहीत, तिघींच्या मानेवर फक्त दातांच्या खुणा. एकही नेलेली नाही. जाळी शाबूत, कडी लावलेली. शेजारी मुंगूस म्हणतात, थोरले दीर कोल्हा म्हणतात. खरं कोण? (ता. संगमेश्वर)

कोल्हा नाही. कोल्हा कोंबडी तोंडात धरून पळतो. मागे पिसांची रेघ राहते आणि ती सहसा एकाच दिशेनं, ओहोळाकडे किंवा झाडीकडे जाते. धडं जागेवर टाकून तो जायचा नाही, शिवाय कडी लावलेल्या खुराड्यात तो शिरला कुठून?

मुंगसावर आळ घ्यायच्या आधी वेळ बघा. आपल्याकडचं मुंगूस दिवसा फिरतं, रात्री बिळात असतं. ‘माझ्या डोळ्यांदेखत गडग्यातून आलं आणि पिल्लू नेलं’ असं कोणी सांगितलं तर ते मुंगूस. संध्याकाळी कडी लावताना १२ आणि उजाडताना ५, हा त्याचा हिशेब नव्हे. तुम्ही दार उशिरा, ऊन वर आल्यावर उघडत असाल तर मात्र त्याला सोडून देता येत नाही.

रात्रीची वेळ, डोकं-मान खाल्लेली, गरजेपेक्षा जास्त मारलेल्या आणि नेलेली एकही नाही, यावरून आमचा संशय उदमांजरावर आहे. तुमच्याकडे ज्याला कांडेचोर म्हणतात ते, नाहीतर अंगावर ठिपक्यांच्या ओळी असलेलं जवादी मांजर. कांडेचोर एरवी फळांवर जगतं, पण संधी मिळाली तर कोंबडी सोडत नाही. ते झाडावरून छपरावर उतरतं आणि कौलं व भिंत यांच्यामधल्या फटीतून आत येतं. आत कोंबड्या फडफडायला लागल्या की जी हलेल तिला चावत सुटतं. आल्या वाटेनं मोठी कोंबडी बाहेर ओढता येत नाही, म्हणून धडं तिथंच राहतात.

आता ती वाट शोधा. रात्री एकानं आत मोठा टॉर्च लावून बसावं, दुसऱ्यानं बाहेरून फेरी मारावी. जिथून उजेड बाहेर येतो ती प्रत्येक जागा खडूनं खूण करून ठेवा. तीन बोटं आडवी सहज जात असतील तेवढी फट पुरते. वाशांवर तेलकट काळपट पट्टा, तारेत अडकलेले केस, सरकलेलं कौल, छपरावर भेरली माडाच्या किंवा इतर फळांच्या बिया असलेली विष्ठा, यातलं काही दिसलं तर खात्री झाली म्हणा. छपराला टेकलेल्या फांद्या चार-पाच फूट मागे छाटा आणि वाशांमधल्या मोकळ्या जागा अर्ध्या इंची वेल्ड मेशनं (तारांचे सांधे वेल्डिंगनं जोडलेली चौकोनी घरांची जाळी) बंद करा. पोती, कापड किंवा थर्मोकोल कोंबून उपयोग नाही, एका रात्रीत बाहेर येतं.

पावलं पाहायची असतील तर खुराड्याभोवती दोन फुटांचा पट्टा झाडून त्यावर चाळलेली राख बोटभर जाडीनं पसरा. सकाळी ऊन तिरपं असताना बघा, खुणा उठून दिसतात. कुत्रा आणि कोल्हा यांची चार बोटं आणि पुढे नखं उमटतात, कोल्ह्याचा ठसा कुत्र्यापेक्षा लांबट व अरुंद. रानमांजराची चार बोटं, ठसा गोल, नखं नाहीत. मुंगूस आणि उदमांजर यांची पाच बोटं. घोरपडीची नखं लांब आणि मधून शेपटी फरफटल्याची रेघ. सापाची नुसतीच रेघ.

आणखी एक तपासणी बहुतेक जण करत नाहीत. कोंबडी आधी रोगानं मेली आणि मग कोणीतरी कुरतडली, असंही होतं. हातमोजे घालून चाव्याजवळची कातडी सोला. खाली मांसात काळंलाल रक्त साकळलेलं असेल तर चावा जिवंतपणीचा आहे. दाताची भोकं आहेत पण खालचं मांस फिकट आणि कोरडं आहे, तर कोंबडी आधीच मेली होती. अशा वेळी, किंवा जखमाच नसताना एकदम बऱ्याच मेल्या तर, उघड्या हातानं न शिवता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. मानमोडी किंवा बर्ड फ्लूची शंका तिथेच फिटते.

ज्यानं एकदा खाल्लं तो बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या रात्री परत येतो. तेव्हा फटी आजच्या आज बंद करा, आणि तोपर्यंत उरलेल्या ५ घरात डालग्याखाली ठेवा, डालग्यावर वजन देऊन.

प्रश्न : बचत गटातर्फे गिरिराज जातीच्या ३० कोंबड्या ठेवायच्या आहेत. १० बाय ८ फुटांचं खुराडं बांधतोय, जमीन मातीचीच. दुकानदार षटकोनी चिकन जाळी घ्या म्हणतो, स्वस्त पडते. पुरेल का? जमिनीत जाळी किती खोल पुरायची? (ता. भोर)

कोंबड्या आत राहाव्यात एवढ्यापुरती ती जाळी चांगली. कुत्र्यानं दोन-चार हिसके दिले की तिचा पीळ उसवतो आणि एक घर सुटलं की शेजारची चार सुटतात. शिवाय ती बहुधा २० ते २२ गेजची असते. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, ही गोष्ट दुकानात बऱ्याचदा उलटी समजली जाते. २२ गेज म्हणजे जेमतेम पाऊण मिलिमीटर, १६ गेज म्हणजे दीड मिलिमीटरच्या थोडं वर.

खालच्या तीन फुटांना अर्धा बाय अर्धा इंची वेल्ड मेश लावा, १८-१९ गेजची. गावात मोकाट कुत्री फार असतील तर तिच्यावर बाहेरून एक इंची १४ गेजची दोन फूट पट्टी आणखी चढवा. वरच्या भागाला एक इंची १६ गेजची वेल्ड मेश चालेल. पैसे असतील तर वरही अर्धा इंचीच घ्या, कारण उंदीर चढतो आणि लहान उंदराला एक इंच पुरतो. चिकन जाळी आतल्या कप्प्यांसाठी वापरा.

जाळी खोल पुरायच्या भानगडीत पडू नका. त्याऐवजी ती बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी पसरा, दीड फूट रुंद. उकरणारा प्राणी भिंतीच्या अगदी बुडाशी उकरायला लागतो, तिथे नखाला तार लागते, सरकून दुसरीकडे बघतो, तिथेही तार. दीड फूट मागे जाऊन तिथून बोगदा काढावा हे त्याला सहसा सुचत नाही. घूस मात्र लांबून बीळ काढू शकते. म्हणून भोवतालचे उकीर, म्हणजे भोकाच्या तोंडाशी पडलेले ताज्या मातीचे ढीग, रोज बघा.

हिशेब असा. १० बाय ८ चा घेर ३६ फूट. तीन फूट रुंदीची जाळी घेतली तर उभ्या भागाला ३६ फूट लांबी लागेल. आडव्या पट्ट्याचं क्षेत्रफळ चार कोपरे धरून ६३ चौरस फूट होतं. तीच जाळी उभी मधोमध कापून दीड-दीड फुटाच्या दोन पट्ट्या केल्या की २१ फुटांत भागतं. जोडावर जाळी चार बोटं एकावर एक घ्यावी लागते, म्हणून एकूण ६० फूट आणा. कोपरे विसरले जातात आणि आत येणारे नेमके कोपऱ्यातून येतात. तिथे पट्टी नुसती दुमडू नका, वेगळा चौकोन कापून बांधा.

आडवी पट्टी उभ्या जाळीला बाइंडिंग तारेनं दर वितीवर बांधा, बाहेरची कड ६ मिलिमीटर सळईचे यू ठोकून दर दोन फुटांवर दाबा आणि वर माती किंवा दगड पसरा. एका पावसात गवत उगवलं की ती हलत नाही. उभी जाळी खांबांच्या बाहेरच्या अंगाला लावा. बाहेरून कोणी ढकललं तर ती खांबावर दाबली जाते, आतून लावलेली खिळ्यांसकट सुटते. स्टेपलरच्या पिनांवर विसंबू नका. यू खिळे आणि वरून लाकडी पट्टी स्क्रूनं आवळलेली, हेच टिकतं.

दाराकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. दाराखाली अर्ध्या इंचापेक्षा जास्त फट नको, पक्का उंबरठा घाला. कडी एकच आणि तीही मध्ये असेल तर खालचा कोपरा ओढून वाकवता येतो, म्हणून वर एक आणि खाली एक. कोयंड्यात कुत्र्याच्या साखळीला असतो तसला स्प्रिंगचा हूक अडकवा.

बसायच्या दांड्या जाळीपासून किमान दीड फूट आत घ्या. जाळीला टेकून झोपलेल्या कोंबडीचं डोकं नाहीतर पंख बाहेरून ओढून तोडला जातो, आणि मग ‘जाळी शाबूत, डोकं गायब’ अशी पत्रं आम्हाला येतात.

प्रश्न : मी मुंबईत, आई देवगडला एकटी असते. रोज ५-६ अंडी मिळायची, आता २-३. कवचाचा तुकडाही सापडत नाही. एकदा खुराड्यात लांब साप दिसला. कोणी फिनेल शिंपडा सांगतं, कोणी मासे पकडायचं जुनं जाळं भोवती टाका म्हणतं. (मुंबई)

कवचासकट अंडं गायब म्हणजे सापानं नाहीतर घोरपडीनं गिळलं, किंवा उंदरा-घुशीनं ढकलत नेलं. मुंगूस आणि कावळा अंडं फोडतात, त्यांची कवचं आसपास सापडतात. घरट्यातल्या गवताला बलक लागलेला असेल आणि एखाद्या कोंबडीच्या चोचीवर तो वाळलेला दिसला, तर चोर घरातलाच आहे. तिला शिंपल्यांचा चुरा द्या आणि घरटं अंधारात हलवा.

फिनेल, गंधक, रॉकेल यांनी साप थांबत नाही. जाळं मात्र मुळीच टाकू नका. साप त्यात अडकतो, सुटायला जाऊन आणखी गुरफटतो, आणि पहाटे आई दार उघडायला जाईल तेव्हा पायाशी चिडलेला नाग असेल. तो आत येतो उंदरांच्या वासावर आणि उंदरांच्याच बिळांतून. तेव्हा खालची अर्धा इंची जाळी आणि बिळं बुजवणं, एवढाच खरा इलाज. खुराड्याच्या भिंतीला लागून रचलेली नारळाची सोडणं, झावळ्या, लाकडं दहा फूट दूर न्यायला सांगा. हे काम एखादा गडी लावून करून घ्या, त्या ढिगात आईंनी हात घालू नये.

अंडी दिवसातून दोनदा काढायची, ११ च्या सुमाराला आणि संध्याकाळी ४ ला. बहुतेक कोंबड्या दुपारपर्यंत घालतात, रात्री घरट्यात अंडं राहूच नये. अंधाऱ्या खोक्यात हात घालण्याआधी टॉर्च मारायचा, काठीनं गवत हलवायचं. कोंबडीला फसवायला लाकडी किंवा प्लास्टिकचं अंडं ठेवलं असेल तर काढून घ्या. साप ते गिळतो, त्याला पचत नाही आणि तो तिथेच अडकून राहतो.

साप आत दिसला तर कोंबड्या दुसऱ्या बाजूनं बाहेर काढून लांब थांबा आणि सर्पमित्राला किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. गिळल्यामुळे पोट फुगलेला साप आला त्या भोकातून बाहेर पडू शकत नाही, म्हणून कित्येकदा तो सकाळी आतच सापडतो. धामण बिनविषारी असली तरी लांबून बघून ठरवायचं काम आईंवर टाकू नका. चावलाच तर दोरी बांधणं, चिरणं, मांत्रिक यात वेळ न घालवता थेट सरकारी रुग्णालय.

प्रश्न : दोन-तीन आठवड्यांची पिल्लं भरदिवसा जातात. घार की कावळा? सीडी टांगल्या, चार दिवस फरक पडला, मग पुन्हा तेच. (ता. इंदापूर)

चकाकणाऱ्या वस्तूंना पक्षी सरावतात, हे तुम्ही पाहिलंच. घार मोकळ्या अंगणात वरून झेप घेते आणि न थांबता उचलते. शिक्रा जवळच्या झाडावर दबा धरून खालून, सपाट उडत येतो. कावळा चालत येतो, दोघं-तिघं मिळून कोंबडीला एकीकडे गुंतवतात. भारद्वाजही पिल्लू नेतो, पण झुडपातून. कुंपणाजवळची पिल्लं जात असतील तर त्याच्याकडे बघा.

सहा आठवडे पिल्लं डोक्यावर झाकण असल्याशिवाय सोडू नका. १० बाय १० चा मांडव बांबूचा, वर ५० टक्क्यांची शेडनेट, एवढं पुरे. पूर्ण झाकणं परवडत नसेल तर सात फुटांवर माशांच्या गळाची तंगूस एक-एक फुटावर आडवी-उभी ताणा. घार आणि कावळा त्यात पंख अडकायच्या भीतीनं उतरत नाहीत. शिक्रा कधी कधी उतरतो. अंगणाच्या कडेला तूर किंवा शेवरीच्या दाट ओळी असल्या की कोंबडीची हाक ऐकून पिल्लांना लपायला जागा मिळते. मेलेला कावळा टांगायची पद्धत सोडून द्या, रोगाची भर कशाला?

प्रश्न : रात्रीतून पिल्लं कमी होतात. दार बंद, रक्त नाही, पिसं नाहीत. (ता. कागल)

उंदीर किंवा घूस. पिल्लू बिळात ओढून नेतात, म्हणून मागे काही राहत नाही. बिळाच्या तोंडाशी पिसं किंवा पाय सापडतात, मोठ्या कोंबड्यांच्या बोटांना चावेही दिसतात. ब्रूडरचा, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायच्या खोक्याचा, तळ आणि बाजू अर्धा इंची जाळीच्या करा. संध्याकाळी खाद्याची भांडी उचलून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात रिकामी करा. सांडलेलं खाद्य हेच त्यांचं आमंत्रण. पिंजरे लावा. विष घालायचंच तर कोंबड्यांपासून दूर, पाइपच्या आत ठेवलेल्या वड्या, आणि मेलेले उंदीर रोज उचलून पुरा. कोंबडी मेलेला उंदीर टोचते.

प्रश्न : शेडभोवती ऊस आहे. बिबट्याचे ठसे दिसले. २०० कोंबड्या आहेत, काय करू? (ता. जुन्नर)

बिबट्याला तुमच्या शेडकडे आणणारी पहिली गोष्ट कोंबडी नसते. मेलेल्या कोंबड्या आणि आतडी बांधावर टाकली की कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. म्हणून मेलेली कोंबडी त्याच दिवशी तीन फूट खड्ड्यात, चुना टाकून, वर दगड. खड्डा विहिरीपासून लांब. उसाची कड शेडपासून जितकी मागे घेता येईल तितकी घ्या. मधली जागा साफ ठेवा आणि तिथे रात्रभर दिवा असू द्या. बिबट्यापुढे अर्धा इंची जाळी टिकत नाही, शेडच्या खालच्या चार फुटांना विटांची भिंत आणि वर जाड चेनलिंक हवी. अंधार पडल्यावर शेडमध्ये जायचं तर दोघांनी, बोलत. ठसे दिसल्याचं वनरक्षकाला लगेच कळवा.

प्रश्न : जाळीत करंट सोडला तर? किंवा मेलेल्या कोंबडीत थिमेट (विषारी कीटकनाशक) घातलं तर? (तीन पत्रं)

दोन्ही नाही. घरची वीज थेट तारेत सोडल्यानं माणसं मेली आहेत आणि तो गुन्हा आहे. विष कुत्र्या-मांजरांपासून पाण्यापर्यंत कुठंही पोहोचतं. मुंगूस, घोरपड, रानमांजर, कोल्हा, अजगर, नाग या सगळ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्यांना फास लावणंही बेकायदा. सौर झटका मशीन वापरता येतं. जमिनीपासून ६ आणि १२ इंचांवर दोन तारा, अर्थिंगची सळई ओल्या जमिनीत खोल, आणि तारेला गवत टेकू द्यायचं नाही. गवत टेकलं की झटका जमिनीत जिरतो आणि मशीन बिघडलं म्हणून तुम्ही दुकानात जाता.

प्रश्न : कोंबडीचं बूड फाटलं, आतडी बाहेर, बाकी अंग शाबूत. मुंगूस? आणि हल्ल्यातून वाचलेल्या कोंबडीवर उपाय काय? (ता. चिपळूण)

बूड टोचणाऱ्या बहुतेक वेळा तिच्याच सोबतिणी असतात. अंडं घालताना गुदद्वार बाहेर आलं, लाल दिसलं की टोचायला सुरुवात होते. दाटी, रात्रभर लख्ख बल्ब, खाद्यात प्रथिनं कमी, ही नेहमीची कारणं. जखमी कोंबडी वेगळी करा, बल्ब मंद करा, दाटी कमी करा.

हल्ल्यातून वाचलेलीला आधी खोक्यात, अंधाऱ्या उबदार जागी ठेवा. ती जखमेपेक्षा धक्क्यानंच मरते. पाण्यात थोडी साखर-मीठ घालून चोच बुडवा. जखमेभोवतीची पिसं कापा, मिठाच्या कोमट पाण्यानं धुवा, पोव्हिडोन आयोडीन लावा. मांजराचा चावा वरून बारीक दिसतो पण आत खोल असतो आणि पिकतो, त्यासाठी डॉक्टरांकडून प्रतिजैविक घ्यावंच लागतं. गळ्याखालची पिशवी फाटून दाणे बाहेर येत असतील तर ती शिवता येते, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. पावसाळ्यात माशी बसून दोन दिवसांत अळ्या पडतात, म्हणून खोक्यावर मच्छरदाणीचं कापड टाका आणि जखम सकाळ-संध्याकाळ उघडून बघा. वरची कातडी धरली, लाल दिसेनाशी झाली की तिला रात्री, बाकीच्या झोपल्यावर दांडीवर नेऊन बसवा. दिवसा सोडलीत तर टोचून पुन्हा रक्त काढतील.